काटेसाहेबांची सीलबंद हवा

लग्नाच्या पहिल्याच वर्षी काटेसाहेबांनी सासऱ्यांच्या किराणा दुकानावर खटला भरला होता. किलोमागे वीस ग्रॅम कमी भरत होते. सासरे म्हणाले, जावईबापू, काटा जुना झालाय हो. जावईबापूंनी तो काटा जप्त केला, पावती फाडली, सही घेतली आणि ठरल्याप्रमाणे जेवायला थांबले. त्या दिवशी एकाही पदार्थात मीठ नव्हतं. ते विसरलं होतं की विसरवलं होतं, हे त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, आईने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

एकतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली. तराजूच्या काट्याकडे बघून बघून मान किंचित डावीकडे कलली होती, म्हणून काटेसाहेब. खरं आडनाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घरातली घड्याळं, दुधाचं माप आणि काकूंची वाक्यं तपासायला घेतली. काकू म्हणाल्या, मी शंभरदा सांगितलंय, की साहेब शांतपणे म्हणत, "अकरा वेळा."

तर अशा माणसाच्या हाती कॉलनीने हवेची धूळ मोजायचं यंत्र दिलं. आता पुढे जे झालं त्यात कॉलनीचा दोष नाही. कुणीही हेच केलं असतं.

कारण असं होतं, की कॉलनीच्या मागच्या भिंतीला लागून काँक्रीट कालवायचा कारखाना होता. सकाळी सहाला तो घरघरायला लागायचा आणि साडेसहाला गॅलरीच्या कठड्यावर बोटाने नाव लिहिता यायचं. दोरीवरचा शर्ट घालण्यापूर्वी झटकावा लागे, आणि झटकला की खालच्या मजल्यावरून पूर्वजांचा उद्धार होई. काकूंना गेलं दीड वर्ष खोकला होता. सुरुवातीला तो पाहुण्यासारखा आला, मग राहिला. आता त्या बोलायला तोंड उघडत आणि आधी तोच बोलून घेई. डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, धुळीने होतंय. काटेसाहेबांनी विचारलं, "किती टक्के?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या कारखान्याचा परवाना संपत आला होता आणि मालकाने आणखी दहा वर्षांसाठी अर्ज केला होता. सुनावणी पर्यावरण कार्यालयात व्हायची होती. कॉलनीचे सेक्रेटरी, ज्यांना सही करायला आवडतं आणि बाकी काही नाही, ते एकशे चाळीस सह्यांची तक्रार घेऊन गेले. कार्यालयाने सांगितलं, तक्रारी आमच्याकडे ढिगाने आहेत, आकडे आणा. नागरिकांनीच मोजावं अशी एक योजना होती, त्यातलं एक यंत्र कॉलनीला मिळालं. आकडा पन्नासच्या आत असला तर हवा ठीक, दोनशेच्या पुढे गेला तर खिडक्या लावा, इतकं कार्यालयाच्या पत्रकात लिहिलेलं होतं. आकडा दर तासाला आपोआप कार्यालयात पोचणार आणि सुनावणीत तोच धरला जाणार. म्हणजे काकूंची पुढची दहा वर्षं त्या डब्याच्या पोटात होती.

डबा पांढरा, प्लास्टिकचा, शाळेत नेतात तेवढाच. समोर आकड्याची काच, बुडाला दोन बारीक जाळ्या, आणि आत माशी अडकल्यासारखा पंख्याचा आवाज. काटेसाहेबांनी तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि आणून देणाऱ्या कारकुनाला विचारलं, याचं सील कुठंय? याला सील नसतं, कारकून म्हणाला. साहेबांचा चेहरा असा झाला, जसं ऑपरेशनच्या टेबलावर कुणी कानात सांगावं, की डॉक्टर हौशी आहेत.

मग माहितीपुस्तक मागायला ते कार्यालयात गेले. अर्जात यंत्राचा अनुक्रमांक भरायचा होता, आणि अनुक्रमांक माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर असतो असं कळलं. तीन फेऱ्यांनंतर कुणालातरी दया आली आणि पुस्तकाची झेरॉक्स मिळाली. झेरॉक्सच्या यंत्राने एकच बाजू काढली होती, त्यामुळे पान दोन, चार, सहा, आठ असं हाती आलं. विषम पानांसाठी साहेबांनी वेगळा अर्ज केला. सम पानं त्यांनी भिंग लावून पाठ केली. जे काही महत्त्वाचं होतं ते, अर्थातच, पाचव्या पानावर होतं.

पहिल्या आठवड्यात आकडे आले ते एकशे ऐंशी, दोनशे दहा, आणि वारा कारखान्याकडून आला त्या दिवशी दोनशे साठ. साहेब रोज सकाळी अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, सहा वाजता पहिला आकडा वहीत उतरवत. त्यांचं ते व्रतच झालं होतं. कधी कुणी दार वाजवलं तरी आकडा पूर्ण लिहिल्याशिवाय ते उठत नसत. काकू गॅलरीच्या दारात उभ्या राहून खोकत, आणि साहेब समाधानाने मान हलवत, कारण यंत्र आणि बायको यांचं एकमत होतं.

पण कॉलनी म्हणजे कॉलनी. गॅलरीत आकडा दाखवणारी वस्तू आहे म्हटल्यावर वर्दळ सुरू झाली. तळमजल्यावरचा औषधवाला यंत्र प्रामाणिक आहे का ते बघायला आला आणि त्याने सिगारेटचा एक झुरका थेट जाळीवर सोडला. आकडा सहाशेवर गेला. प्रामाणिक आहे, असं सर्टिफिकेट देऊन तो गेला. सेक्रेटरींच्या सासूबाईंनी जाळीवर फुंकर मारली आणि आपली तब्येत किती आली ते विचारलं. वरच्या मजल्यावरच्या जुळ्यांनी खडूची पूड आणली. जो तो येऊन सल्ला देई, यंत्र उंच ठेवा, खाली ठेवा, उन्हात नको, सावलीत तर मुळीच नको.

आठवड्याच्या शेवटी कारखान्याच्या मॅनेजरचं पत्र आलं, प्रत पर्यावरण कार्यालयाला. मंगळवारी दुपारी चार वाजता आकडा सहाशे दिसतो. मंगळवारी कारखाना साप्ताहिक सुट्टीमुळे बंद असतो. सबब आकड्यांत ढवळाढवळ झाली असून मापकाची विश्वासार्हता संशयास्पद आहे.

साहेबांनी ते वाक्य सात वेळा वाचलं. एकतीस वर्षांत त्यांना दुकानदारांनी बरंच काही म्हटलं होतं, त्यातलं काही तर छापण्यासारखंही नव्हतं. पण संशयास्पद कुणी म्हटलं नव्हतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. काकूंनी ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, अहो, तुम्हाला नाही म्हटलेलं, मापकाला म्हटलंय. साहेब म्हणाले, मापक मीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून जुनी पेटी काढली. तार, शिशाची गोळी, चिमटा, लाल लाख, मेणबत्ती. सेक्रेटरी आणि औषधवाला पंच म्हणून बसले; औषधवाल्याला सिगारेट बाहेर ठेवून यायला सांगितलं. साहेबांनी डब्याचा प्रत्येक सांधा तपासला. झाकणाला तार ओवली, शिसं दाबलं. मग डबा उलटा केला आणि बुडाच्या त्या दोन जाळ्यांकडे बराच वेळ पाहिलं. सगळी ढवळाढवळ इथूनच झाली होती. धूर इथून, फुंकर इथून, खडू इथून. चोराला मागचं दार उघडं ठेवून पुढे कुलूप लावणारा माणूस ते नव्हते. त्यांनी लाख वितळवली, दोन्ही जाळ्यांवर ओतली आणि थंड व्हायच्या आत वर अंगठा उमटवला. पंचनामा झाला. औषधवाल्याने सही करताना हळूच म्हटलं, साहेब, पण मग हवा... साहेबांनी मान वर केली. औषधवाल्याने सही पूर्ण केली.

सकाळी दहाला सील झालं. बाराला आकडा चाळीस होता. संध्याकाळी आकडा चार. दुसऱ्या दिवशी तीन, आणि मग तीनच.

"बघा," साहेब म्हणाले. "चाळे बंद झाल्याबरोबर यंत्र ताळ्यावर आलं."

काकू तेव्हा कठडा पुसत होत्या. सकाळपासून दुसऱ्यांदा. फडकं पिळलं तर बादलीत पाणी नाही, चिखल पडत होता. त्या काहीतरी म्हणायला गेल्या, पण आधी खोकला आला, आणि तो संपेपर्यंत साहेब वही घेऊन आत गेले होते. जेवताना मात्र त्यांनी गाठलंच.

"हवा तीनची आहे म्हणता. मग हा खोकला काय मी घरी करते?"

साहेब म्हणाले, सवय लागली असेल. आयुष्यात त्यांनी पुष्कळ अचूक विधानं केली होती, हे त्यातलं नव्हतं. काकूंनी वाढायचं थांबवलं नाही, फक्त त्या दिवसापासून घरात खोकला उशीत तोंड खुपसून येऊ लागला. यंत्राचा अपमान नको, म्हणून.

पर्यावरण कार्यालयाकडून अभिनंदनाचं पत्र आलं. योजनेतल्या सगळ्या वस्त्यांत आपली हवा सर्वांत शुद्ध. त्यामागोमाग मॅनेजर स्वतः फुलांचा गुच्छ घेऊन आला, संशयास्पद हा शब्द बिनशर्त मागे घेतो म्हणाला, आणि सुनावणीला आपण अवश्य या, आपल्यासारख्या निःपक्षपाती माणसाचा शब्द आम्हाला हवा, असं म्हणून पायाही पडला. गुच्छावर कारखान्याची बारीक पूड होती. साहेबांनी तो टेबलावर ठेवला. काकूंनी तो गॅलरीत ठेवला.

कॉलनीने मात्र साहेबांशी बोलणं टाकलं. जिन्यात लोक भिंतीकडे बघून वर जाऊ लागले. सेक्रेटरींनी सांगून पाहिलं, की निदान वहीत तरी आकडा थोडा, अगदी शंभरापर्यंत, वाढवून लिहिता येणार नाही का. साहेबांनी त्यांना दार दाखवलं, आणि जाताना ते दार किती इंच उघडं राहिलं तेही सांगितलं असतं, इतके ते चिडले होते. सगळं जग खोट्या मापाच्या मागे लागलंय आणि आपण एकटे खरे, असं त्यांना वाटत होतं. असं वाटायला लागलं की माणसाची झोप छान लागते. काकूंची लागत नव्हती.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई वर आल्या. त्यांच्या शाळेलाही तसलाच डबा मिळाला होता, शाळा रस्त्यापलीकडेच होती, आणि तिथला आकडा दोनशेच्या खाली यायला तयार नव्हता. बाई भांडायला आल्या नव्हत्या. त्यांनी इतकंच विचारलं, की काका, तुम्ही दुकानातलं वजन खरं की खोटं हे कसं ठरवायचात? साहेब म्हणाले, शेजारी दुसरं ठेवून. बाई म्हणाल्या, मग माझा डबा एक दिवस तुमच्या डब्याशेजारी ठेवू या.

याला नाही म्हणणं म्हणजे एकतीस वर्षांना नाही म्हणणं. सुनावणीच्या आदल्या सकाळी दोन्ही डबे गॅलरीत शेजारी शेजारी बसले. शाळेचा डबा एकशे ब्याण्णव म्हणाला. कॉलनीचा तीन. साहेबांनी दिवसभर दोन्ही आकडे तासातासाने मांडले, बेरीज केली, सरासरी काढली आणि निष्कर्ष लिहिला, शाळेचं यंत्र सदोष आहे. कारण उघड होतं. त्याला सील नव्हतं.

सुनावणी अकराची होती. सकाळी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले आणि काकूंनी, यंत्र चारचौघांत जाणार म्हणून, दोन्ही डबे ओल्या फडक्याने पुसायला घेतले. शाळेचा डबा उचलताना त्यांचा तळवा बुडाशी गेला आणि त्या थबकल्या. मांजराच्या पिल्लाने नाक लावावं तशी बारीक झुळूक तळव्याला लागत होती. मग त्यांनी आपला डबा उचलला. तळवा धरला. वाट पाहिली. श्वास पुरत नाही म्हणजे काय होतं, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा श्वास कुठून घेतो?"

साहेब म्हणाले, यंत्रं श्वास घेत नाहीत. मग त्यांनी शाळेच्या डब्याखाली हात धरला. मग आपल्या डब्याखाली. मग पुन्हा शाळेच्या. मग खुर्चीवर बसले. लाखेवर त्यांचाच अंगठा होता, एकेक रेघ स्पष्ट, एवढा सुबक ठसा त्यांनी नोकरीतही कधी उमटवला नव्हता. पाच आठवडे तो डबा आपल्याच पोटातली तीच हवा पुन्हा पुन्हा मोजत होता, आणि धूळ खाली बसून गेल्यावर प्रामाणिकपणे तीन म्हणत होता. तो खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलंच चुकीचं गेलं होतं.

काकूंनी पाणी आणून ठेवलं. पाणी न पिता साहेब म्हणाले, "दीड वर्ष तू सांगत्येस."

काकू म्हणाल्या, "अकरा वेळा."

सेक्रेटरी खाली रिक्षा थांबवून वर आले. त्यांना सगळं कळलं तेव्हा ते आनंदाने उजळले. चाकूच्या टोकाने लाख खरवडून टाकू, दमट हवेने पडली म्हणू, तासाभरात आकडा दोनशे, कुणाला काय कळतंय. साहेब उठले, डबा काखोटीला मारला आणि म्हणाले, सील फोडायचं ते पंचांसमोर. काकूही निघाल्या. त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल आणि भिंतींना छतापर्यंत फायली. मॅनेजर उभा राहून पंधरा मिनिटं बोलला. त्यातली दहा काटेसाहेबांवर होती. अशी निष्ठा, असा काटेकोरपणा, स्वतःच्या सासऱ्यालाही न सोडणारा माणूस. आणि अशा माणसाच्या यंत्राने पाच आठवडे आकडा दिला तीन. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब उठले. मान नेहमीपेक्षा जास्त कलली होती.

"साहेब, माझं माप खोटं आहे."

कारकुनाने खालच्या आवाजात विचारलं, की हे कुठल्या नमुन्यात घ्यायचं, कारण दुसऱ्याच्या मापावर हरकत घ्यायचा नमुना आहे, स्वतःच्या मापावर घ्यायचा नाही. अधिकाऱ्यांनी त्याला गप्प बसवलं. साहेबांनी डबा चालू करून टेबलावर ठेवला, जमलेल्यांतून दोन पंच निवडले, त्यातला एक मॅनेजर, आणि चिमट्याने लाख फोडली. तुकडे टेबलावर पडले. पंख्याने पाच आठवड्यांत पहिल्यांदा श्वास ओढला.

आकडा नऊ झाला. मग चाळीस, मग एकशे दहा. सगळे खुर्च्या पुढे ओढून बघत होते. दोनशे बारावर तो थांबला.

मॅनेजरला हसू आवरेना. त्याने भिंतीवरच्या फायलींकडे हात केला आणि म्हणाला, साहेब, म्हणजे तुमचं ऑफिस आमच्या कारखान्याहून घाण निघालं की. कारकून हसला. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी त्या खोलीत बारा वर्षं काढली होती, आणि आता ते नाक चोळत एकदा फायलींकडे आणि एकदा मॅनेजरकडे बघत होते.

मग त्यांनी कोरडेपणाने हिशेब मांडला. पाच आठवड्यांचे आकडे सीलमुळे बाद. पहिल्या आठवड्याचे चाळ्यांमुळे बाद. शाळेचं यंत्र शाळेचं, त्याची सुनावणी पुढच्या महिन्यात. या प्रकरणात तुमच्याकडे पुरावा म्हणून उरलं काय?

सेक्रेटरींनी डोळे मिटले. काटेसाहेब वळले आणि बाकावर बसलेल्या काकूंकडे त्यांनी हात केला.

"ही," ते म्हणाले. "दीड वर्ष अखंड चालू आहे. मी एकदाही बघितलं नाही."

सगळी खोली काकूंकडे बघू लागली. अधिकारी, कारकून, मॅनेजर, सगळे खोकल्याची वाट बघत होते. काकूंनी पदर सारखा केला. एक मिनिट गेलं. घशात साधी खवखवही नाही. सेक्रेटरींनी तर स्वतःच खोकून बघितलं, उदाहरण म्हणून.

"सांगितल्यावर येत नाही हो तो," काकू संकोचून म्हणाल्या. "तुम्हीच या ना घरी. अर्धा तास गॅलरीत बसा. चहा करते."

पुरावा नसेल तर अधिकाऱ्याने जागेची पाहणी करावी, असं नियमात होतंच. मॅनेजर लगबगीने म्हणाला, अवश्य या, पुढच्या आठवड्यात या, आम्ही तयारी ठेवतो, रस्त्यावर पाणी मारून घेतो. अधिकारी पेनाला टोपण लावत म्हणाले, पुढच्या आठवड्यात कशाला, मला तसाही या घाण ऑफिसातून बाहेर पडायचंय. साडेबाराला ते काटेसाहेबांच्या गॅलरीत वेताच्या खुर्चीवर बसले होते. खाली कारखाना भर दुपारच्या जोमात चालू होता.

काकूंनी चहा आणून कठड्यावर ठेवला. तो इतका गरम होता, की अधिकाऱ्यांनी थोडा निवू द्यायचं ठरवलं, आणि तेवढ्यात परवान्याचे कागद उघडले. दहा मिनिटांत चष्मा एकदा पुसला. मग दुसऱ्यांदा. कागदाच्या घडीत बारीक पांढरी रेघ जमली, ती फुंकरली तर तोंडावर आली. चहाकडे हात गेला तेव्हा वर साय धरल्यासारखं काहीतरी होतं, आणि साय दुधाची नव्हती. अधिकाऱ्यांनी कप खाली ठेवला आणि ते खोकले. एकदा खोकले म्हणजे मग थांबेनात. काकू धावत पाणी घेऊन आल्या. पाणी देता देता त्यांनाही उबळ आली, आणि दोघं जण कठड्याला धरून, एकमेकांची माफी मागत, आळीपाळीने खोकत राहिले.

डोळे पुसून झाल्यावर अधिकाऱ्यांनी तिथेच गुडघ्यावर कागद घेऊन आदेश लिहायला घेतला. दहा वर्षांची मुदतवाढ नामंजूर. तीन महिने देतो, तेवढ्यात कारखाना चारी बाजूंनी झाका, आणि कार्यालयाचं मोठं यंत्र इथे बसेल, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मग बघू. एका ओळीपाशी पेन अडलं. पाहणीत आढळलेलं धुळीचं प्रमाण, पुढे मोकळी जागा. त्यांनी वर बघितलं आणि काटेसाहेबांना विचारलं, इथे काय लिहू?

काटेसाहेबांनी तोंड उघडलं. एकतीस वर्षांत, कुणीही कधीही किती असं विचारलं, तर उत्तर द्यायला त्यांना दोन सेकंद लागले नव्हते. ते थांबले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "काय गं, काय लिहायचं?"

काकूंनी कप उचलून आत डोकावून पाहिलं.

"लिहा, चहा टाकून द्यावा लागला."

आदेशाच्या चौथ्या ओळीत ते तसंच आलं. दुपारी प्रत हातात पडल्यावर काटेसाहेबांनी चष्मा लावून ती अक्षर न अक्षर तपासली, चौथ्या ओळीखाली पट्टीने रेघ मारली, आणि कुणी मागितली नव्हती तरी समासात 'बरोबर' असं लिहून सही केली.